तारेला टांगलेला वरवंटा

माझ्या थोरल्या साडूंइतका तारेपायी वेडा झालेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात झाला नसेल, आणि त्यांचा विषय निघाला की माझ्याइतक्या घाईने तो बदलणाराही दुसरा नसेल. नातवंडं विचारतात, "आजोबा, ते तारवाले आजोबा कसे होते?" मी त्यांना वरवंट्याची गंमत सांगतो, ती हसतात, आणि तेवढ्यावर मी उठतो. इतकी वर्षं असाच उठत आलो. आता उठायलाही काठी लागते, तेव्हा म्हटलं, बसून सगळं लिहूनच काढावं. हसण्यासारखं आहे तेही आणि नाही तेही.

वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारखाली होतं. आमची दोघांची सासुरवाडी एक आणि राहायचं गावही एकच, धामणगाव बढे. साडू कापसाची दलाली करत. खामगावच्या एका जिनातला गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला आणि त्याच्या सामानाचा लिलाव झाला, तेव्हा साडू तिथे कंदील घ्यायला गेले आणि गिटार घेऊन आले. "कंदिलाची काच फुटकी निंगाली," असं कारण त्यांनी घरी सांगितलं. अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, त्या वाद्याकडे वरून खाली बघत म्हणाली, "मंग हे पेटवाचं कुठून?" गिटारीवर सहापैकी एकच तार उरली होती, तीही पिवळी पडलेली, उसवलेली. वाजवून बघायला गेले तर तीही तुटली. तिथून साडूंच्या आयुष्याला काम मिळालं. वाजवायला शिकायचं पुढचं पुढे, आधी तिला शोभेल अशी तार शोधायची.

तार पारखण्याची त्यांची रीत त्यांचीच होती. ओसरीच्या एका खांबाला तार बांधायची, दुसऱ्या खांबाच्या खुंटीवरून खाली सोडायची आणि टोकाला स्वयंपाकघरातला वरवंटा टांगायचा. सगळ्या तारांना वजन एकच, म्हणजे कोणावर अन्याय नको. अक्का आतून ओरडायची, "चटणी वाटाची हाय, तुमचा खर्ज खाली उतरवा!" साडू तिकडे लक्ष न देता तारेचं टोक दातांत धरायचे, डोळे मिटायचे आणि टिचकी मारायचे. कानाला आवाज कळतो, पण तारेचं मन दातालाच कळतं, असं त्यांचं म्हणणं. त्या घरात वरवंट्यापायी कित्येक दिवस बिनचटणीची भाकर खाल्ली गेली. बाहेर गेले तरी तेच. कुणाच्या अंगणात कपडे वाळत घातलेली तार दिसली की तिला टिचकी मारून म्हणायचे, "आवाज चांगला हाय, वहिनी, पण लुगडं काढा जराक." एकदा पटवाऱ्याच्या सायकलीचे सगळे आरे वाजवून त्यांनी जाहीर केलं, "मागच्या चाकात दोघं बेसूर हायेत, पडसान." पटवारी त्याच आठवड्यात नाल्यात गेला आणि तेव्हापासून साडूंना लांबून बघूनच सायकलीवरून उतरून चालू लागायचा.

तारांबद्दल ते माणसांसारखं बोलत. "पितळ म्हंजे जावई. आल्या दिवशी गोड, चार दिवसांत उतरते. पोलाद म्हंजे नवा फौजदार, आवाज मोठा अन् सारं घर ताणून धरते. रेशीम बिचारी नवी सून, हाय का नाही तेच समजत नाही." मी विचारलं, "अन् मी कोणती तार?" ते म्हणाले, "आपून दोघंई जावई. म्हंजे पितळच न, साडभाऊ! पण तुमी घासून ठेवलेले." या वाक्यावर आमच्या बायका कितीतरी दिवस हसत होत्या. मीही हसलो होतो.

पोलादाच्या तारा त्यांनी एकदा गिटारीवर चढवून पाहिल्या होत्या. आवाज खणखणीत आला. मीसुद्धा म्हटलं, "झालं, याच ठेवा." सकाळी बघतो तर साडू गिटार मांडीवर घेऊन तिच्या लाकडावरून हात फिरवत बसलेले. लाकूड किंचित फुगून वर आलं होतं. "हिचं पोट दुखून राह्यलं," असं म्हणून त्यांनी सगळ्या तारा ढिल्या केल्या. हे वाद्य पोलादासाठी घडवलेलंच नाही, एवढं त्यांना त्या दिवशी कळलं, आणि साडू ते कधीही विसरले नाहीत. हे मुद्दाम सांगून ठेवतो.

खरी तार सापडली ती जेवताना. शेजारच्या अंगणात हुसेन पिंजारी गादीचा कापूस पिंजायला बसला होता. पिंजाऱ्याची ती लांबलचक धुनकी, तिच्यावर ताणलेली तात, आणि तीवर लाकडी मोगरीचा ठोका: टुंग, टुंग. हा आवाज जन्मभर ऐकलेला माणूस त्या दिवशी घास हातात घेऊन उठला आणि खरकट्या हातानेच अंगणात जाऊन उभा राहिला. हुसेन त्यांचा लहानपणापासूनचा दोस्त, दोघांत 'बे'शिवाय बोलणं नाही.

"काऊन बे, जेवण सोडून आला? भाभीनं हाकललं काय?"

"तुझी तात दे."

"मंग कापूस काय तुझ्या मिशीनं पिंजू?"

तात म्हणजे बकऱ्याच्या आतड्याची वळलेली दोरी. गिटारीवरची ती पिवळी तारही तीच होती, हे साडूंना त्या टुंगमध्ये ऐकू आलं. धुनकीची तात फार जाड, पण हुसेनचा एक नातेवाईक ती वळायचं काम करी. मग जाड, बारीक, पिळाची, बिनपिळाची अशा ताती येऊ लागल्या, वरवंट्याला लटकू लागल्या. हुसेन ओसरीच्या पायरीवर बसून निकाल ऐकायचा आणि आत अक्काला ऐकू जाणार नाही अशा बेताने शिव्या घालायचा. "आणखी बारीक? अबे, बकऱ्याची व्हय, मच्छराची नाही!" अक्काला मात्र रेशीम म्हणून सांगितलेलं. तारा कशाच्या आहेत हे हुसेन, साडू आणि मी, आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. सहा तारा निवडायला वर्ष गेलं असेल. पण त्या चढल्या आणि साडूंनी अंगठा फिरवला, तेव्हा अक्का हातातलं काम सोडून दारात आली. "माणसावानी बोलते हो," एवढंच म्हणाली. हुसेनने डोळे पुसले आणि कापसाचा कण गेला म्हणाला.

आमच्या मारुतीच्या देवळात शनिवारी भजन व्हायचं. पेटी मी वाजवत असे, आणि बरी वाजवतो अशी माझी समजूत होती. साडू गिटार घेऊन कोपऱ्यात बसू लागले. त्यांना राग-बिग काही येत नव्हते, सूर धरून अंगठ्याने हळूच छेडायचे इतकंच. पण बायका खांबाआडून पुढे सरकून बसू लागल्या, आणि शेतावरून आलेली माणसं पायही न धुता दारात थबकू लागली. एक दिवस पानाच्या ठेल्यावर कुणी तरी मला म्हणालं, "तुमची पेटी बंद झाली काय, भाऊ? ऐकूच येत नाही हल्ली." सगळे हसले. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी भजनाचे बुवा वाटेत भेटले, तेव्हा मी जाता जाता म्हणालो, "साडूले विचारा एकदा, त्या आतड्याच्या तारा कोणाच्या घरून येतात." कुणी पावसापाण्याचं विचारतं ना, त्याच स्वरात.

पुढच्या शनिवारी बुवांनी साडूंना पायरीवरच अडवलं. "हे आतडं देवळात येनार नाही."

साडू गोंधळले, मग हसले. "बुवा, पखवाजाले काय भाकरीचं तोंड लावलं हाय काय? तेबी कातडंच न!"

दोघंतिघं खुदकन हसले. मागून एक आवाज आला, "पखवाजाचं निराळं. हे त्या पिंजाऱ्याच्या घरचं." मग कुणी हसलं नाही. साडूंनी माझ्याकडे पाहिलं. "साडभाऊ, तुमी तरी सांगा न बुवाले." मी खाली मान घालून पेटीचा भाता सोडवत होतो. त्या भात्याला एकच कडी असते. ती मला सापडेना.

ते परत गेले. रात्री अक्का रडली, रेशीम म्हणून फसवलं म्हणून. पण दोन दिवसांनी तिनेच वरवंटा बाहेर आणून ठेवला. साडूंनी तो आत नेला. मला म्हणाले, "तिघांलेच माहीत होतं, साडभाऊ. तुमी तं घरचे. म्हंजे हुसेनच कुठंतरी बोलला." मी काय म्हणालो? मी म्हणालो, "जाऊ द्या."

जाऊ दिलं नाही त्यांनी. ताती काढून टाकल्या आणि गिटारीवर पोलाद चढवलं. तेच, ज्याने तिचं पोट दुखतं हे त्यांना पक्कं माहीत होतं. पावसाळ्यात एका दुपारी मोठा आवाज झाला, तारांखालची घोडी उखडून आली आणि वरच्या लाकडाला चीर गेली. त्यांनी गिटार तशीच गोठ्यात खुंटीला अडकवली. गाद्या मोताळ्याला पाठवून पिंजून आणू लागले. हुसेन दर हिवाळ्यात धुनकी खांद्यावर घेऊन त्यांच्या दारासमोर थांबायचा, हाक मारायचा नाही, तातेवर एकच ठोका द्यायचा: टुंग. मग वाट बघायचा. एकदा मी आत होतो. साडूंचा घास हातातच राहिला, डोळे मिटले गेले, दात आवळले गेले. ते उठले नाहीत. हुसेन पुढे गेला. आपलं काय चुकलं, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याचा जनाजा त्याच रस्त्याने गेला, तेव्हा साडू ओसरीचा तो खांब धरून उभे होते. मी शेजारीच होतो. तेव्हा सांगायला हवं होतं. पण माणूस गेल्यावर सांगून काय, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते मला सोयीचंच होतं.

साडू अंथरुणाला खिळल्याचं कळलं, तेव्हा मी नागपूरला होतो. एका वाद्यांच्या दुकानातून आतड्याची चांगली तार घेतली आणि गाडीत बसलो. वाटेत ते वाक्य तयार केलं, तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. घरी पोचलो, तार दाखवली. त्यांच्या डोळ्यांत जरा जीव आला. "वरवंटा आना," म्हणाले. अक्काने जन्मात पहिल्यांदा काही न बोलता तो आणला. मी खांबाला तार बांधली, खुंटीवरून सोडून वरवंटा टांगला, त्यांना टेकवून बसवलं आणि खांबाशी उरलेलं मोकळं टोक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते तोंडात धरलं, टिचकी मारली, मग पुन्हा एकदा मारली.

"दात नाही राह्यले, साडभाऊ. मन समजत नाही हिचं." मग तार हातात चाळवत म्हणाले, "हुसेनची याच्याहून चांगली होती. काऊन बोलला असंल हो तो? मी त्याले काय कमी केलं होतं?"

वाक्य माझ्या ओठांवर होतं. अक्का म्हणाली, "वरवंटा काढा आता, जड होते त्यायले." मी वरवंटा सोडला, दोन्ही हातांनी उचलला, स्वयंपाकघरात पाट्यावर नेऊन ठेवला, आणि गरज नसताना पाट्याशी नीट लावला. परत आलो तर त्यांचा डोळा लागला होता. झोपमोड नको म्हणून मी निघालो. त्यानंतर मी पुन्हा गेलो, तो त्यांना पोचवायलाच.

ते वाक्य फार मोठं नव्हतं. गाडीत इतक्या वेळा म्हटलेलं, अजून जसंच्या तसं आहे: साडभाऊ, हुसेन नाही बोलला, मी बोललो होतो, मले माफ करा.