सगळ्याला 'हो' म्हणणारा कैदी

पारोळ्याच्या अलीकडे जीप चहाला थांबली. पहिला घोट घेतला आणि कप तसाच खाली ठेवला. तासाभरापूर्वी कारागृहाच्या दारात नाना हवालदार जे बोलले, ते आत्ता डोक्यात शिरलं. रुमल्या या कैद्याबद्दल ते कौतुकाने म्हणाले होते, "गरीब जीव शे साहेब. बठ्ठासले हो म्हनस." मी हसून गाडीत बसलो होतो.

सगळ्यांना हो म्हणतो. मलाही तो 'हो'च म्हणाला होता, आणि त्यावर मी सही करून आलो होतो.

मी मानसोपचारतज्ज्ञ. आठवड्यातून एकदा धुळ्याहून कारागृहातले रुग्ण तपासायला जातो. रुमल्या सातपुड्याच्या पायथ्याचा, तिशीतला. फैजपूरकडे केळीच्या बागेत मजुरीला होता. एका सकाळी त्याने दोन ओळी कोवळी केळी विळ्याने आडवी केली. अडवायला आलेल्या मुकादमाच्या दंडावरही वार बसला. केळी मला नावाने हाका मारतात, असं तो सांगायचा. जामिनाला कोणी आलं नाही. गोळ्या सुरू झाल्यावर तो शांत झाला आणि कोर्टाने मला विचारलं, हा फिट आहे का? फिट म्हणजे तब्येतीने ठणठणीत नव्हे. आपल्यावर आरोप काय, तो कबूल केला तर पुढे काय होतं, हे माणसाला कळतं का, एवढंच.

ते तपासायला निदान अर्धा तास लागतो. पण दुपारी बाराला कारागृहात बंदी होते, म्हणजे सगळ्यांना मोजून बराकीत कोंडतात. बाराला दहा कमी होते आणि हा शेवटचा.

"केस काय आहे माहीत आहे?"
"हो साहेब."
"वकील भेटले?"
"हो साहेब."
"जज विचारतील ते समजेल?"
"हो साहेब."

सही, शिक्का, संपलं. हो-नाहीचे प्रश्न विचारू नका, असं मी ज्युनिअर डॉक्टरांना वर्षानुवर्षं बजावतोय. बरं, आत आलेला माणूस 'समजलं नाही' म्हणेलच कसा? समोर साहेब दिसला की हो म्हणायचं, हे तिथे पहिल्या आठवड्यात अंगवळणी पडतं.

त्याच दुपारी तीनला त्याची तारीख होती, व्हीसीवर. म्हणजे आरोपी कारागृहातच आणि कोर्ट पडद्यावर. कारागृहाच्या ऑफिसचा फोन लागेना. ड्रायव्हरला म्हटलं, "गाडी फिरवा." रस्ताभर मी घड्याळच बघत होतो. घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू.

व्हीसीच्या खोलीबाहेर जेलर भेटले.

"डॉक्टर, तुम्ही परत?"
"माझं सर्टिफिकेट चुकलंय. थांबवा."
"अहो, कबुली दिली की भोगली तेवढीच शिक्षा, असं वकिलांचं म्हणणं आहे. संध्याकाळी सुटेल तो. त्याला आत ठेवायला धावत आलात?"

थांबवलं तर तो आणखी काही महिने अडकणार. नाही थांबवलं, तर न कळलेल्या गुन्ह्याचा शिक्का घेऊन, गोळ्यांशिवाय, पुन्हा विळा घेऊन बागेत उभा राहणार. भीती दोन्हीची वाटत होती. तरी आत गेलो.

पडद्यावरून जज मॅडम विचारत होत्या, "गुन्हा कबूल आहे?"

"हो साहेब," रुमल्या म्हणाला.

"मॅडम, माझी चूक झालीय!" मी जवळजवळ ओरडलोच.

त्यांनी माझं ऐकून घेतलं. मग रुमल्याला शांतपणे विचारलं, "काल तुम्ही माझ्याकडे जेवायला आला होतात ना?"

"हो साहेब."

कोणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढून ठेवला. "डॉक्टर, सर्टिफिकेट मागे घेत असल्याचं लेखी द्या. कारणासकट."

दिलं. 'घाईत तपासणी केली' हे लिहिताना कान तापले. रुमल्याची रवानगी मनोरुग्णालयात झाली. चार महिने गेले. त्याचे वकील दिसले की ऐकवायचे, "आज घरी असता तो, डॉक्टर."

नंतरच्या तपासणीला रुमल्याची पावरी बोली बोलणारी नर्स सोबत घेतली आणि पूर्ण तास काढून बसलो. सरकारी वकील कोणाच्या बाजूने असतो, असं मी विचारलं. रुमल्याने बराच विचार केला. मग नर्सकडे न बघता, सरळ मलाच म्हणाला, "साहेब, नाही समजलं. परत सांगा."

मला इतका आनंद झाला की प्रश्न परत सांगायचाच राहिला.

यथावकाश खटला चालला. केळी कापली तेव्हा त्याचं मन ठिकाणावर नव्हतं, हे कोर्टाने मान्य केलं. रुमल्या निर्दोष सुटला. गोळ्या वेळेवर देईन असं लिहून देऊन बहीण त्याला घेऊन गेली.

आता प्रत्येक तपासणीत मी एक प्रश्न मुद्दाम अर्थहीन विचारतो. त्यालाही जो हो म्हणतो, त्याच्या कागदावर त्या दिवशी सही करत नाही.