गैरसमजातून झालेली राजकन्या

जन्माने राजकन्या झालेल्या मुली जगात पुष्कळ असतील, लग्नाने होणाऱ्याही असतात. पण अर्धवट भाषांतरातून राजकन्या झालेली मुलगी माझ्या माहितीत एकच, आणि ती माझी मावसबहीण आहे. पुढच्या महिन्यात तिचं लग्न महाराष्ट्रातल्या एका माजी संस्थानिकांच्या घरात होतंय. संस्थान कधीच गेलं, राजवाड्याच्या निम्म्या भागात हॉटेल चालतं, पण पत्रिकेवर 'युवराज' छापायला अजून कोणी बंदी घातलेली नाही. त्यामुळे हल्ली कुंभकोणमला तिच्या बालपणाचा शोध घेत वार्ताहर येतात, आणि जी शाळा तिला वर्गाबाहेर उभी करून करून थकली, तीच आता सांगते की हिचं राजतेज पहिल्यापासूनच दिसत होतं. म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

आम्ही तंजावरच्या राजांच्या मागोमाग इकडे आलेले मराठी लोक. आमच्यातल्या प्रत्येक घराचा मूळपुरुष दरबारात राजाच्या उजव्या हाताला बसत असे. ही सगळी मंडळी खरंच बसत असतील, तर राजाची उजवी बाजू तंजावरहून पार कुंभकोणमपलीकडच्या तिरुनागेश्वरमपर्यंत पसरली असावी. आता आम्ही बँकेत आणि औषधांच्या दुकानात बसतो. घरात आमची जुनी मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. पाच वर्षांची होईपर्यंत बहिणीला फक्त घरातलीच भाषा येत होती. मावशीबरोबर ती बाजारात निघाली की विड्याची पानं विकणारी बाई म्हणे, "वा, रासात्ती!" 'वा' म्हणजे ये. तेच फुलवाला म्हणे, बसमध्ये उचलून घेताना कंडक्टरही म्हणे. शेवटी तिनं मावशीला अर्थ विचारला. मावशी तेव्हा एक नारळ कानाशी धरून हलवत होती. "राजकन्या म्हणतात तुज," ती म्हणाली. भाषांतर अचूक होतं. तमिळ माणूस लाडानं कुठल्याही पोरीला रासात्ती म्हणतो, एवढी तळटीप मात्र राहून गेली.

त्या दिवसापासून बसच्या खिडकीतून ती भाताच्या शेतांना हात उंचावून दाखवू लागली. कोणी केळं दिलं तर मान किंचित कलती करून घ्यायची. कोणाला पाय लागला तर "क्षमा केली" म्हणायची. क्षमा मागायची असते, हे तिच्या कानावर आलंच नव्हतं. माझ्या अंगठ्यावर तिनं पाट पाडला, तेव्हाही मला तात्काळ क्षमा मिळाली होती.

मग शाळा आली. मावशीला स्वतःला आठवीनंतर शाळेतून काढलं होतं, त्यामुळे लेकीची शाळा हा तिच्या जिवाचा विषय होता. पहिल्या दिवशी फाटकातली आया आत येणाऱ्या एकूणएक मुलीला "वा, रासात्ती" म्हणाली. बहिणीनं घरी येऊन दप्तर भिरकावलं.

"त्या आयेस कांहीं कळत नाहीं, अम्मा! सगळ्यांसच रासात्ती म्हणते. नाक गळत्या पोरीस देखील!"

"लाडानें म्हणतात गे तसें."

"मग मी शाळेस जात नाहीं."

आणि गेली नाही. मुरुक्कूची, म्हणजे इकडच्या चकलीची, लाच चालली नाही; तिच्या वडिलांची, म्हणजे काकांची, छडी चालली नाही. मावशी रोज सकाळी डबा भरायची आणि दुपारी तो मी खायचो, त्यामुळे या संपाचं मला फारसं दुःख नव्हतं. पण मावशी चुलीकडे तोंड करून उभी राहायची. "माझ्यासारखीच राहील काय रे ही?" एकदा तिनं मला विचारलं. माझं तोंड भरलेलं होतं.

एका सकाळी जेवताना बहिणीचा हात थांबला.

"अम्मा, त्या सगळ्यांस म्हणतात, तें खोटें काय?"

"खोटें कां म्हणतील?" मावशी थकून म्हणाली.

"मग त्याही राजकन्याच." ती माझ्याकडं वळली. "दादा, राज्य बरेंच थोर दिसतें आपलें." हात धुतला आणि दप्तर उचललं.

पुढची सगळी वर्षं तिनं शाळेला दरबारासारखं वागवलं आणि सगळ्यांना बरोबरीनं. एक मुलगी जमिनीवर बसली असेल तर ही बाकावर बसेना. तपासणीला साहेब आले असताना तिनं उठून सांगितलं, की राजकन्यांच्या संडासाला कडी नाही. ती वर्गाबाहेर गेली, कडी मात्र आठवड्यात बसली. नववीत नाटकात तिला राणी करायचं ठरलं. तिनं संवाद वाचून राणीपद परत केलं. "ही पहिल्यापासून रडते. मज दूत करा," म्हणाली; आणि दूत होऊन भर रंगमंचावर राणीला डोळे पुसायला लावले. पुढे ती आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रात लागली. बियाणं बघायला आलेले युवराज तिथं रोपांवर उभे राहिले, तेव्हा तिनं त्यांना आधी वाफ्याबाहेर काढलं. एवढीच त्यांची प्रेमकथा.

परवा एक वार्ताहर मावशीकडे आला. "मुलगी राजकन्या होणार, असं तुम्हाला पहिल्यांदा कधी वाटलं?" आता मावशी दरबार आणि उजवी बाजू काढणार, या भीतीनं मी खुर्ची मागे ओढली. मावशी कॉफी ओतताना थांबली.

"शाळेस गेली त्या दिवशीं," ती म्हणाली. "संप मोडून आपणच निघाली. मी दारांत उभी होतें, वळून हात करील म्हणून. गल्ली सरली, वळली नाहीं."

"म्हणजे चालच राजेशाही?" वार्ताहरानं उत्साहानं विचारलं.

"चाल कसली! घाई होती तिज."

तिनं त्याच्यापुढं कॉफी ठेवली आणि मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "लग्न पुढल्या महिन्यांतच काय रे?"