रस्त्याखालचा पाईप

मिस्त्री आला तो बायकोनं बोलावलेला. मला विचारलंसुद्धा नाही. फाटकापासून पायरीपर्यंतचा काँक्रीटचा रस्ता आठ वर्षांपूर्वी मी स्वतः उन्हात उभा राहून करून घेतला होता. आमच्या पिंपळगाव राजा गावात असा गुळगुळीत रस्ता दुसऱ्या कुणाच्या दारात नाही, असं आल्यागेल्याला ऐकवायचो. त्याच्या एका बाजूला पाण्याची टाकी, दुसऱ्या बाजूला बायकोचा मोगरा आणि भाजीचे वाफे. काम चालू असताना ती म्हणाली होती, खालून एक पाईप टाकून ठेवा. मी घाईत होतो. मग ती टाकीतून बादल्या भरून झाडांना नेऊ लागली, आणि मी काही रस्ता फोडू देईना.

मिस्त्रीनं तो फोडलाच नाही. दोन्ही बाजूंना खड्डे घेतले, लोखंडी पाईपचं तोंड ठोकून टोकदार केलं आणि घणानं तो खालून पलीकडे हाणायला लागला. बायको पायरीवर बसून बघत होती. त्याला आलं घातलेला चहा, मला बिनसाखरेचा अर्धा कप. तो काहीतरी बोलला आणि ती खळखळून हसली. माझ्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली, ते मला आठवेना. मी जळलो, खोटं कशाला सांगू. मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस, आणि एका मिस्त्रीवर जळत खिडकीत उभा.

मधोमध दगड लागला. तो काढायला पाटाएवढा चौकोन कापावा लागला, मग पाईप पलीकडे गेला. रस्त्याला भोक पडलं म्हणून मी चिडायला हवं होतं, पण मला त्यात संधी दिसली. भरायचं काम मीच करतो, म्हणालो. त्यानं थापी दिली आणि आधी कडा छिन्नीनं टाचून खरबरीत करा, मग ओल्या करा, एवढं सांगितलं. त्याचं ऐकायचं नाही हे माझं ठरलेलंच होतं. कोरड्या कडांत सिमेंटचा माल ओतला, वरून घोटून घोटून चकचकीत केला आणि बायकोला बोलावून दाखवला. छान झालं म्हणाली, आणि भाजी नीट करायला आत गेली.

चार दिवसांत चारी बाजूंनी चीर पडली. ठिगळ पायाखाली हलायला लागलं. मिस्त्री परत आला. माझं काम उकरून काढलं, कडा छिन्नीनं टाचल्या, त्यांना पाणी पाजलं, पाण्यात पातळ कालवलेलं सिमेंट फासलं आणि मग भरलं. वर ओलं पोतं टाकलं. मला एका शब्दानं बोलला नाही, त्याचाच जास्त राग आला. शेवटी न राहवून विचारलं, त्या दिवशी एवढं हसण्यासारखं काय होतं?

"काई नाही, गुरुजी. ताईले म्हटलं, तुमचा उजवा खांदा मिस्त्र्यावानी खाली आला. मले वाटलं तुमीबी बांधकामावर होत्या का काय."

तो गेल्यावर मी बाहेर आलो. मोगऱ्यापाशी ती नवा नळ डाव्या हातानं उघडत होती. उजवा खांदा खरंच दोन बोटं खाली होता. परक्या माणसाला हे तासाभरात दिसलं, याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला.

"हात कवापासून दुखून राह्यला?" मी विचारलं.

"रस्ता झाला तवापासून," ती म्हणाली, आणि पोतं भिजवायला नळाला लावलेली नळी माझ्या हातात दिली.