आधी सीट, मग गाडी

आमच्या बनशंकरीच्या गल्लीत लोकांना दुसरं कामच नाही. कितीतरी महिने येता-जाता एकच प्रश्न, "काय मथुराबाई, तुमच्या घराखाली गॅरेज काढलं काय?" समोरची कमला तर फाटकाला टेकून उभी राहायची आणि आत डोकावून म्हणायची, "जरा मोठी घसरगुंडीच दिसतेय!" शेवटी मी सांगितलंच तिला, "कार आहे ती. माझी नणंद बांधतेय. घरी." त्यावर ती जी हसली, माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जिला हसतेस तिला आधी ओळखून तरी घे. तिनं काही ओळखून घेतलं नाही, म्हणून आता सगळ्यांनाच सांगते.

कस्तुराबाई माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. माझ्याहून वयानं मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणते. साठी जवळ आली आहे. लहानपणी गुडघ्यात पू झाला, तेव्हापासून डावा पाय वाकत नाही. पायाचंही तिच्यासारखंच, कुणी कितीही सांगितलं तरी वाकायचं नाही. लग्न झालं नाही. आलेले पाहुणे पाय बघून चहा पिऊन गेले, आणि अक्कानं कपबशा विसळताना त्यांच्या नकला करून आम्हाला हसवलं.

जयनगरच्या एका दुकानात तिनं जन्मभर कारच्या सीटा शिवल्या. फोम कापायचा, वर रेग्झीन ताणायचं, कडेनं पायपिंग घालायचं. शिवणयंत्र मोटरचं, आणि त्याच्या पेडलवर तिचा उजवा पाय असा तयार झालेला, की एक टाका म्हटलं की एकच टाका पडणार. तोंडही तसंच धारदार. गिऱ्हाइकाला त्याच्याच सीटवर बसवून म्हणायची, "कंबर दुखते ना तुमची? दुखणारच. ही सीट माणसासाठी नाही केलेली, बटाट्याच्या पोत्यासाठी केलीय." मालक तिला घाबरायचा आणि गिऱ्हाईक तिचंच नाव विचारत यायचं.

इतक्या गाड्यांत बसली बाई, पण सगळ्या उभ्या गाड्या. ड्रायव्हिंग शिकवणाऱ्यांनी पाय बघून हात जोडले. आणि घरात आमचे हे. जयसिंगराव. जन्मभर सिटी बस चालवली, उंची सहा फूट, आवाज त्याहून मोठा. रोज सकाळी बहिणीला स्कूटरवर दुकानात सोडायचे, संध्याकाळी आणायचे. "मी आहे ना सोडायला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माया होती, नाही कशाला म्हणू? पण अक्काला देवळात जायचं असलं तरी आधी ह्यांचा चहा संपायला हवा.

दुकानातून रिटायर झाली आणि आठवड्याच्या आत जेवताना म्हणाली, "अण्णा, मी कार बांधणार आहे."

ह्यांना ठसकाच लागला. मग तिनं समजावून सांगितलं. एक गिऱ्हाईक असली गाडी सीटा करायला घेऊन आलं होतं. सांगाडा, चाकं, मोटर सगळं सुटं मिळतं, आपण घरी जोडायचं. "जन्मभर गाड्यांना सीटा केल्या, आता सीटला गाडी करते," अक्का म्हणाली. "आणि ती मी चालवणार. आनेकलच्या आपल्या शेतात. तिथं मला कोण अडवतं बघतेच."

हे म्हणाले, "मी असताना तुला चालवायची काय गरज?"

"गरज नाही. इच्छा आहे," अक्का म्हणाली आणि ताकाचं भांडं पुढं ओढलं.

असल्या गाड्यांचे भाग बनवणारा योगीराज आनेकलच्या पुढं शेड टाकून बसलाय. हे, अक्का आणि मी, तिघं त्याच्याकडं गेलो. मूळचा निपाणीकडचा. आमचं मराठी ऐकून असा खूश झाला! "अहो, आपलीच माणसं की तुम्ही!" म्हणून आधी चहा पाजला. मग सरळ सांगितलं, "काकी, ही गाडी रस्त्यावर काढायला परवानगी नाही हं. आपल्या जागेत, शेतात, कुठंही फिरवा." अक्का म्हणाली, "मला कुठं मैसूरला जायचंय?"

तीन गाड्या होत्या. पहिली बघितली आणि माझा जीव तिथंच अडकला. लालभडक, लांब नाकाची, दोघांपुरती. मी म्हटलं, "अक्का, हीच!" अक्कानं तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आधी बसून बघते. इंजिनाचं मागाहून सांगा." बसायचं म्हणजे कडेवरून पाय टाकून खाली घसरायचं. अक्का अर्धी आत गेली आणि डावा पाय बाहेरच राहिला. योगीराज आणि मी दोघांनी मिळून तिला ओढून काढली. उठून साडी झटकत म्हणाली, "दिसायला झकास आहे वैनी. तुम्ही घ्या."

दुसरी नुसत्या नळ्यांची, खड्ड्यांतून उड्या मारत जाणारी. तिच्यात तर ती बसलीच नाही. "यात पोपट ठेवा," म्हणाली.

तिसरी कोपऱ्यात उभी होती. डब्यासारखी चौकोनी, दारं नाहीत, शेवाळी रंग, बॅटरीवर चालणारी. मी म्हटलं, "अय्यो, ही तर भाजी विकायची गाडी!" पण अक्का वाकून खाली बघत होती. दारच नसल्यामुळं पाय सरळ ठेवून आत जाता येत होतं, आणि खाली पेडल दोनच.

"डाव्या पायाला काम काय?" तिनं विचारलं.

"काहीच नाही. क्लच नाही हिला. उजव्यानं दाबलं की जाते, सोडलं की हळू होते. दुसरं पेडल ब्रेकचं, तेही उजव्यानंच."

"म्हणजे माझ्या मशीनसारखी?"

"मशीनसारखीच, काकी."

"मग हीच," अक्का म्हणाली. ना रंग विचारला, ना वेग. मी परतीच्या वाटेवर लाल गाडीसाठी कुरकुर केली ते सोडा, पण निवड म्हणावी तर अशी. आपल्याला काय हवं ते जिला पक्कं ठाऊक, तिला बाजार काय फसवणार?

पण घोटाळा झाला तो त्यानंतर. योगीराज टेप काढून म्हणाला, "बसून दाखवा. तुमच्या मापानं पेडल आणि स्टिअरिंग चौकटीला जोडून देतो." आता आमच्या घरातली रीत सांगायला हवी. तीनशे-साडेतीनशे वर्षांमागं आमचे पूर्वज इकडं कानडी मुलखात आले. येताना तलवारी आणल्या आणि हा मान आणला. तलवारी गंजल्या, मान तसाच आहे. नवा पलंग आला तरी पहिलं थोरल्यानं बसायचं. नवी खुर्ची, नवा सोफा, तसंच. परवा मिक्सर आणला तर त्याचं बटणसुद्धा ह्यांनी दाबलं. तेव्हा योगीराजनं "बसा" म्हटल्याबरोबर अक्का आपण होऊन बाजूला सरली. "अण्णा, तुम्ही बसा आधी."

हे बसले. बसमध्ये बसायचे तसे ऐसपैस, पाय लांब करून. योगीराजनं टेप लावला, खडूनं खुणा केल्या. मग अक्का शेजारच्या सीटवर बसली, सगळे हसलो, घरून नेलेला दहीभात खाल्ला आणि परत आलो. गाडी कुणाची आणि माप कुणाचं, हे आमच्या तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

टेंपोनं सामान आलं. पार्किंगची जागा भरून गेली. अक्का बुटक्या स्टुलावर पाय पसरून बसायची आणि वायरी जोडायची. नट आवळायचं काम ह्यांच्याकडे. दिवसभर नुसती भांडणं. "अण्णा, एवढं आवळू नका, बस नाही ती!" "तू मला शिकवू नकोस, कस्तुरा!" रविवारी योगीराज येऊन बॅटरीचं काम तपासून जायचा. खरं सांगते, या दोघा भावंडांना इतकं हसताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

सीटखालची फळी सगळ्यांत शेवटी बसली, तोवर आत बसायला जागाच नव्हती. फळी बसली, तिच्यावर सीट ठेवली, मी हळदकुंकू लावलं आणि अक्का चढली. दोन्ही हात स्टिअरिंगकडं केले. बोटं कशीबशी टेकली. मग पाय पुढं केला. पेडल लांबच, पाय हवेत. पुढं सरकून बसली तेव्हा अंगठा लागला, पण पाठीला आधार नाही. अशी गाडी चालवली तर पहिल्याच खड्ड्याला तोंडावर पडायची.

अक्का खाली उतरली आणि तिनं फोन मागितला.

योगीराजला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "जे बसले त्यांचं माप घेतलं, काकी. पेडल चौकटीला वेल्डिंग केलंय. बदलायचं तर सगळं खोलून चौकट परत शेडमध्ये आणावी लागेल." अक्कानं फोन ठेवला. तेव्हा आमचे हे, अगदी मायेनं, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे गं. मी चालवतो, तू शेजारी बस. मी आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही गप्प बसा!" मी ओरडले. "जिथं बसायला नको होतं तिथं बसून झालंय तुमचं!" या घरात त्यांच्यावर आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ. ते चपला घालून बाहेर गेले. अक्का जेवली नाही. मला वाटलं, संपलं. आता ही बाई उरलेला जन्म शेजारच्याच सीटवर काढणार.

सकाळी चहा ठेवला आणि खालून अक्काच्या घरच्या शिवणयंत्राचा आवाज आला. जाऊन बघते तर अक्का फोमच्या ढिगाऱ्यात बसलेली, तोंडात टाचण्या. मला बघून टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "ब्लाऊज ढगळ झाला म्हणून टाकून देतं काय कुणी? गाडी लहान होत नाही ना? मग सीट मोठी करू."

पहिली सीट केली, तिची पाठ जाड केली. हात पोचले, पाय तिरका पडला. उसवली. दुसरी केली तर फोम मऊ, ब्रेक दाबताना अक्काच मागं रुतायची. तीही उसवली. तिसऱ्या वेळी खाली काथ्या, मध्ये कडक फोम, वर थोडा मऊ, आणि डाव्या अंगाला अशी खाच कापली की न वाकणारा पाय सरळ आरामात राहावा. चढली. टेकली. पाय बरोब्बर पेडलवर. चाकं जॅकवर उचललेली होती. तिनं जरासं दाबलं आणि चाकं हलकेच फिरली, सोडलं आणि थांबली. मी टाळ्या पिटल्या, समोर कमला बघत होती तरी पिटल्या.

आता ह्यांना त्या सीटवर बसता येईना. बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगला अडकले. तोंड एवढंसं झालं. रविवारी योगीराजनं ते बघितलं आणि तोडगा काढला. "काकी, खाली रूळ टाकून देतो. सीट मागं-पुढं सरकेल. मग दोघांनाही चालवता येईल."

"सरी, सरी, चालेल, ते बरं होईल," हे लगेच म्हणाले.

अक्कानं कात्री खाली ठेवली. "नको."

"का गं?"

"अण्णा, सीट सरकती असली तर पहिल्याच दिवशी मी उठेन आणि म्हणेन, तुम्ही बसा आधी. मी मला ओळखते. ते माझ्या तोंडातून आपोआप येतं, मला थांबवताच येत नाही." मोठ्या भावाचा मान बाजूला ठेवताना मी तिला प्रथमच बघत होते. "म्हणून ती घट्ट बसवा. कधी हलायलाच नको."

मला वाटलं, आता पुन्हा चपला घालतात. पण त्यांनी पाना उचलला, गाडीखाली शिरले आणि सीटचे चारही बोल्ट स्वतःच्या हातानं आवळले. अक्का या वेळी "एवढं आवळू नका" म्हणाली नाही.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, गाडी टेंपोत घालून आनेकलला नेली. झेंडू बांधले, कोहळा फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. गुरुजी सवयीनं ह्यांच्याकडं बघून म्हणाले, "यजमान, बसा." हे म्हणाले, "मी मावत नाही त्यात. यजमान ती आहे." अक्का ठेवणीतली साडी नेसली होती. बसली, पदर खोचला, पाय ठेवला. लिंबं फुटली आणि गाडी निघाली. धक्का नाही, गचका नाही, जसं काही लांब सरळ शिवण घालावी. नारळांच्या ओळीतून गेली, नाचणीच्या बांधाकडून वळली, विहिरीला वळसा घातला. ताठ बसली होती. मला रडू आलं, आणि मी ते पुसलं नाही. हे गुरुजींना सांगत होते, "बहीण माझी. घरी बांधली तिनं. घरी!" गुरुजींनी ऐकलं तरी पुन्हा सांगत होते.

फिरून आली आणि आमच्यासमोर थांबली. हे पुढं झाले. शेजारच्या सीटच्या दांड्याला हात घातला, एक पाय वर ठेवला.

"अण्णा, तुम्ही नंतर," अक्का म्हणाली. "आधी वैनी."

एवढी वर्षं या घरात आहे मी. "आधी अण्णा" हे रोज ऐकलं, ताटं वाढताना स्वतःही म्हटलं. "आधी मथुरा" असं कुणीही कधी म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं असं मलाही कधी सुचलं नव्हतं. ह्यांनी पाय खाली घेतला. माझ्याकडं बघितलं, बाजूला झाले आणि चढायला मला हात दिला.

मी चढले. शेजारच्या सीटवर बसून दांडा घट्ट धरला.

"पदर आत घ्या वैनी, चाकात जाईल," अक्का म्हणाली आणि पेडल दाबलं.