नावाआधीची मोकळी जागा

गिरगावात त्या काळी भांड्यांवर नावं घालणारे पुष्कळ होते, पण अक्षर म्हणाल तर माझंच. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून मी छिन्नी-हातोडीनं टिंबाला टिंब जोडत नाव उमटवायला लागलो, की नाक्यावरची बस थांबायची. थांबा तिथेच होता म्हणून ती तशीही थांबायची, पण ते सोडा. जन्मभर लोकांची नावं घालत आलो, तेव्हा या हकिकतीत कुणाचंच घालणार नाही.

माझा एक शाळेपासूनचा दोस्त आमच्याच चाळीत राहायचा. कॉलेजात इतिहास शिकवायचा म्हणून अख्खी चाळ त्याला प्रोफेसर म्हणे. तो एक पुस्तक लिहीत होता, रोमन शिपायांच्या हत्यारांवर. बरं, हत्यार म्हणून यानं आयुष्यात विळीसुद्धा हातात धरली नव्हती.

"हातात धरायची गरजच काय?" तो म्हणायचा. "लिहिलेलं आहे ना! थडग्यांच्या दगडांवर, पत्रांत, खुद्द हत्यारांवर. त्यावरून मी सगळं काढतोय."

एका शिपायानं बापाला पाठवलेलं पत्र म्हणे इजिप्तच्या वाळूत सापडलं होतं. तलवार पाठवा, भाले पाठवा, कुदळ पाठवा.

"सरकार देत नव्हतं?" मी विचारलं.

"द्यायचं. पगारातून कापून."

"मग आमचे शेठ रोमनच."

एकदा तो एक चित्र घेऊन पायरीवर आला. नदीच्या गाळात सापडलेला, शिपायानं लढाईत डोक्यावर घालायचा पितळी टोप होता. त्याच्या मागच्या पट्टीवर टिंबाटिंबांनी नावं घातलेली, अगदी माझ्यासारखी. अक्षर भिकार होतं, पण धंदा तोच. एकाखाली एक, चार नावं.

"एकाचा टोप दुसऱ्याकडे जायचा," प्रोफेसर म्हणाला. "तो गेला की तिसऱ्याकडे."

"आणि नदीत पडला तो यातला कोण?"

"ते टोप सांगत नाही. नाव मालकाचं असतं. बुडणाऱ्याचं असेलच असं नाही."

हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की पुढे महिनाभर तो चहाबरोबर तेच खात होता. त्याचा धाकटा भाऊ म्हणायचा, "दादा, तुझे रोमन आधीच मेले ते बरं झालं. नाहीतर तुझं पुस्तक वाचून मेले असते."

हा धाकटा परळच्या एका गिरणीत कारकून होता. काम गिरणीत, जीव मोर्चात. यानं गिरगावातून 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' म्हणून आरोळी ठोकली, की वरळी कोळीवाड्यात वाळत घातलेले बोंबील दोरीवर ताठ उभे राहायचे. त्याची आई, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या, "मेल्या, महाराष्ट्र होईल तेव्हा होईल, माझे कान आत्ताच गेले."

त्याच्याकडे जेवणाचा एक पितळी डबा होता. तसाच दुसरा भोईवाड्यातल्या त्याच्या मावसभावाकडे. दोन्ही मामांनी दिवाळीला दिलेले, नाव माझ्याच हातचं. मी तेव्हा मामांना म्हटलं होतं, "पोरांची नावं घालू द्या."

मामा म्हणाले, "द्यायचं मी आणि नाव त्यांचं? वा!"

आपल्याकडे रीतच आहे ती, भांड्यावर देणाऱ्याचं नाव. दोन्ही डब्यांवर मामा मिरवत बसले. मावसभावाचा डबा पुढे एका लाठीमारात हरवला, तेव्हा आम्ही हसलो होतो. म्हटलं, मामांनी लाठी खाल्ली.

मग फोर्टात गोळीबार झाला. धाकटा डब्यासकट गिरणीतून परस्पर तिकडे गेला होता. तो घरी आला नाही.

आम्ही इस्पितळं पालथी घातली, कोठड्या पालथ्या घातल्या. प्रेतांवरच्या चादरी प्रोफेसर स्वतः उचलायचा आणि मी, फुशारक्या मारणारा मी, भिंतीकडे तोंड करून उभा राहायचो. तो कुठेच नव्हता. मेलेल्यांत नाही, पकडलेल्यांत नाही.

काही दिवसांनी लालबागचा एक ओळखीचा कार्यकर्ता दुकानात आला. रस्त्यावर पडलेल्या चपला, टोप्या, छत्र्या गोळा करून तो ज्याच्या त्याच्या घरी पोचवत होता. त्यानं पिशवीतून डबा काढला.

"हे टपोरं अक्षर तुझंच ना रे?"

माझंच होतं. मामा होते. झाकण नव्हतं, आत नुसती धूळ. जन्मात पहिल्यांदा मला माझ्या अक्षराची शिसारी आली.

डबा काकूंसमोर ठेवला. मावसभाऊ भोईवाड्याहून धावत आला. त्यानं डबा उलटासुलटा केला आणि म्हणाला, "मावशी, हा माझाच. लाठीमारात गेला तो." खरं बोलला की मावशीचा जीव राहावा म्हणून बोलला, ते त्यानं पुढे कधीच सांगितलं नाही. काकूंनी प्रोफेसरकडे पाहिलं.

"तू शिकलेला ना? सांग, कुणाचा आहे?"

प्रोफेसरनं डबा उचलला, नावावरची धूळ पुसली आणि तो परत खाली ठेवला. त्याचं ते लाडकं वाक्य त्याला आठवलेलं मला दिसत होतं.

वर्ष गेलं. चाळीतली वडीलधारी मंडळी हळूच 'दिवस करून घ्या' म्हणू लागली. तशा एका दुपारी काकू डबा घेऊन दुकानाच्या पायरीशी आल्या. मागे प्रोफेसर.

"मामाच्या खाली त्याचं नाव घाल," काकू म्हणाल्या. "आला की घोळ नको."

मी डबा मांडीवर घेतला, छिन्नी टेकवली आणि दिवसातून शंभरदा विचारायचो तो प्रश्न तोंडातून निसटला.

"आधी काय घालू? चि. की कै.?"

गिऱ्हाईक आलं की हे विचारायचंच. लग्नाचं भांडं असलं तर चि., देवळाला स्मरणार्थ द्यायचं असलं तर कै. मला त्यात काही वाटलंच नाही. प्रोफेसरनं डोळे मिटले तेव्हा वाटलं.

"चि. घाल!" काकू ओरडल्या. "विचारतोस काय मेल्या?"

"आई, नुसतं नाव घालू दे," प्रोफेसर म्हणाला. "आपल्याला ठाऊक नाही अजून."

"नुसतं नाव बेवारशाला असतं. तुझ्या त्या रोमनांना आया नव्हत्या?"

"होत्या. त्यांचं कुणी लिहून ठेवलं नाही."

मी मधेच हातोडी चालवायला घेतली. एक अक्षर नि टिंब मावेल एवढी जागा सोडून नाव घातलं. तसं अक्षर मी आधी कधी काढलं नाही, नंतरही नाही. काकूंनी त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"तो आला की चि. घालतो, काकू."

"आणि नाही आला तर?"

बस थांबवणारा मी, बोंबील उभे करणारा मी. मला एक थाप सुचली नाही.

पुढे महाराष्ट्र झाला. चाळीच्या गॅलऱ्यांत रोषणाई झाली, पेढे वाटले गेले. काकूंनी पेढा घेतला, तो डब्यात ठेवला आणि त्याला मुंग्या लागल्या.

काकू गेल्या तेव्हा प्रोफेसर त्यांचा तांब्या घेऊन आला, देवळात द्यायला. 'कै.' एका दमात घातलं. मग त्यानं डबा पुढे केला. मी छिन्नी उचलली, मोकळ्या जागेवर टेकवली आणि खाली ठेवली. डबा त्यानं माझ्याकडेच सोडला. त्याचं पुस्तक त्या टोपाच्या प्रकरणापाशी थांबलं ते थांबलंच. आता तोही नाही.

डबा मी दिवाळीला चिंच लावून घासतो. टिंबं झिजत चालली आहेत, मामा तर जवळजवळ गेलेच. धाकट्याचं नाव बोट फिरवलं तरच कळतं. मोकळी जागा तेवढी लख्ख निघते.