भावजींचे मोरोक्कन

जगात माणसांचे दोनच प्रकार असतात, असं आमच्या भावजींचं ठाम मत होतं: मोरोक्कन, आणि ज्यांना अजून विचारून पाहिलेलं नाही असे. भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे आतेभाऊ. मूळचे मिरजेचे, तिथेच डॉक्टर झालेले. पण रोग्याला गोळी लिहून देण्यापेक्षा ‘तुम्ही मुळात आजारी का पडलात’ याची तासभर चौकशी करण्यात त्यांना जास्त रस. असल्या डॉक्टरचा दवाखाना चालणं शक्यच नव्हतं. म्हणून ते ऑकलंडला सार्वजनिक आरोग्य शिकायला आले, ‘जागा मिळेपर्यंत आठ-पंधरा दिवस’ असं सांगून अल्बनीला आमच्या खालच्या खोलीत उतरले, आणि २०१२ ते २०१९ तिथेच राहिले. शिक्षण संपल्यावर शहरातल्या एका लहानशा संशोधन केंद्रात त्यांना नोकरी लागली, आणि तिथे त्यांच्या वाट्याला मोरोक्कन आले.

त्याचं असं झालं, की त्या वर्षांत रमजान जून-जुलैच्या सुमारास येत होता. मोरोक्कोत तेव्हा ऐन उन्हाळा, उजाडलेला दिवस मावळायचं नावच घेत नाही. आमच्याकडे त्याच वेळी ओला, बोचरा हिवाळा, पाच वाजून गेले की दिवेलागण. म्हणजे उपास तोच, पण तिकडे लांबलचक आणि तापलेला, इकडे आखूड आणि गारठलेला. मग मधुमेहाच्या रोग्यांच्या साखरेवर आणि विद्यार्थ्यांच्या झोपेवर, अभ्यासावर त्याचा काय फरक पडतो, हे तिकडच्या डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यांना तिकडे हवे तेवढे मोरोक्कन मिळत होते. इकडचे मोरोक्कन गोळा करायचं काम भावजींचं. आता न्यूझीलंडमध्ये मोरोक्कन शोधायचे म्हणजे रत्नागिरीत उंट शोधण्यापैकीच. पण भावजी हरणारे नव्हते. ते बसमध्ये, वाचनालयात, दक्षिण ऑकलंडमधल्या पापाटोएटोच्या भाजीबाजारात, जिथे जरा गव्हाळ रंगाचा आणि सरळ नाकाचा माणूस दिसेल तिथे त्याला गाठायचे आणि ‘सलाम! आर यू बाय एनी चान्स फ्रॉम मोरोक्को?’ असं विचारायचे. एकदा एका बसड्रायव्हरला विचारलं, तर तो निघाला इथला माओरी, मोठ्यांदा हसून म्हणाला, ‘किया ओरा, ब्रो. आय ॲम फ्रॉम रोटोरुआ.’ भावजींनी त्याच्याशी तेवढ्यावरून दोस्ती केली. दुसऱ्या एकाला डेअरीत दूध घेताना असंच अडवलं, तर तो दुधाची बाटली बगलेत धरून म्हणाला, ‘काय राव, मी नांदेडचा.’ त्याला भावजी त्याच संध्याकाळी आमच्याकडे जेवायला घेऊन आले.

भावजींना कुणाशीही साधं बोलता येत नसे. त्यांचा प्रत्येक प्रश्न प्रश्नावलीतून सुटून आल्यासारखा वाटायचा. मी सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात यावं, तर हे ओट्याशी उभे. ‘वहिनी, काल रात्रीची झोप कशी होती? उत्तम, बरी, की वाईट?’ मी म्हणे, ‘भावजी, चहा होईपर्यंत मला काही विचारू नका.’ यावर ते खालच्या आवाजात स्वतःशीच ‘उत्तर देण्यास नकार’ असं पुटपुटत. खिशात साखर तपासायचं यंत्र कायम. माझ्याकडच्या हळदीकुंकवाला पुरुषांनी घराबाहेर राहायचं असा अलिखित नियम, पण भावजी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि तीळगूळ घ्यायच्या आधीची साखर अन् नंतरची साखर पाहतो म्हणाले. गंमत म्हणजे बायकांनी रांग लावली! कुणी वाणात काय लुटलं ते कुणाच्या लक्षात नाही, पण कुणाची साखर किती निघाली हे अल्बनीतल्या सगळ्या मराठी घरांत दुसऱ्या दिवशी माहीत होतं. आमची सई तेव्हा शाळेत होती. ती मला हाक मारून सांगायची, ‘मम, काका इज डूइंग हिज थिंग अगेन.’ ऐन थंडीत पायात जँडल्स, म्हणजे अंगठ्याच्या रबरी चपला, आणि डोक्याला माकडटोपी, असा तिचा काका तिला शाळेत न्यायला आला की ती चार पावलं पुढे चालायची. तो मात्र मागून तिच्या मैत्रिणींना विचारत असायचा की त्या पुरेसं पाणी पितात का.

हळूहळू मोरोक्कन सापडले. थोडे विद्यार्थी, दोन-चार कुटुंबं. पण मग दुसरीच अडचण उभी राहिली. संशोधकाने फक्त मोजायचं असतं, मधे पडायचं नसतं. कोण काय खातं ते लिहून घ्यायचं, त्याला खायला घालायचं नाही. भावजींना हे जमेना. घरापासून इतक्या लांब आलेली पोरं संध्याकाळी कोरड्या ब्रेडवर उपास सोडतात हे त्यांनी पाहिलं, आणि माझी थालीपिठं डब्यात भरून वसतिगृहात न्यायला सुरुवात केली. त्यांच्या साहेब हेलनबाई, उंच, करड्या केसांच्या आणि शांत स्वभावाच्या, एक दिवस मला फोन करून विचारू लागल्या, ‘थालीपीठ म्हणजे नक्की काय? आमच्या सगळ्या मोरोक्कन विद्यार्थ्यांच्या आहारात ते दिसतंय. मोरोक्कोतल्या एकाही विद्यार्थ्याच्या आहारात नाही.’ मी काय सांगणार? कृती सांगितली.

या सगळ्यांत भावजींचा खरा जीव जडला तो हाज्जांवर. हजला जाऊन आलेल्या बाईला तिकडे आदराने हाज्जा म्हणतात. या हाज्जा पापाटोएटोला मुलाकडे राहायच्या. मुलगा मटणाच्या दुकानात कामाला. हाज्जांना जुना मधुमेह, गोळ्या चालू. इंग्रजी नातवंडांकडून आणि टीव्हीवरून शिकलेलं, तेही गरजेपुरतं. भावजी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी ताट पुढे ठेवून ‘कूल! कूल!’ असा घोष लावला. भावजी घरी येऊन फुशारकीने सांगत होते, ‘वहिनी, पहिल्याच भेटीत म्हातारी मला कूल म्हणाली.’ पुढे कळलं, की त्यांच्या बोलीत ‘कूल’ म्हणजे ‘खा’. तेव्हापासून भावजींनी ती बोली शिकायचा ध्यास घेतला. ते मिरजेच्या हेलात मोरोक्कन बोलायचे, हाज्जा पदराने, म्हणजे डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने, डोळे पुसत हसायच्या, आणि दोघांचंही अगदी छान चालायचं.

त्या वर्षी रमजान सुरू झाला आणि भावजींनी जाहीर केलं, की आपणही उपास धरणार. ‘पोटात अन्न भरून भुकेचा अभ्यास करणं बरोबर नाही.’ आमचं घर हसून बेजार. कारण भावजी म्हणजे तासाला एकदा फ्रिज उघडणारा माणूस! एकादशीलासुद्धा ते साबुदाण्याची खिचडी जेवणाआधी खायचे. माझ्या नवऱ्याने पैज लावली की हे दुपारचे बारा वाजलेले पाहणार नाहीत. पण भावजी पहाटे उठून दोन केळी खाऊ लागले आणि संध्याकाळपर्यंत खरोखर पाण्यालाही शिवेनात. नुसते घड्याळाकडे करुण नजरेने पाहत फिरायचे.

असाच एक शनिवार होता. भावजींची गाडी वॉरंटला, म्हणजे इथल्या सक्तीच्या तपासणीला, नापास झालेली, म्हणून मी त्यांना पापाटोएटोला घेऊन गेले. चार वाजत आले असतील. हाज्जांनी दार उघडलं आणि माझ्याही लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. बाहेर एवढा गारठा, आणि त्यांच्या कपाळावर घाम. हात थरथरत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. भावजींनी त्यांना बसवलं, बोटाला सुई टोचली, यंत्राकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘वहिनी, साखर फार खाली गेलीय. आत्ता काही खाल्लं नाही तर कठीण आहे.’

त्यांनी हाज्जांना सांगितलं, आधी मोरोक्कनमध्ये, मग इंग्रजीत. हाज्जांनी मान हलवली. नाही. सूर्य मावळायला तास-सव्वा तास राहिलाय. भावजी म्हणाले, ‘हाज्जा, यू टोल्ड मी डॉक्टर सेड यस टू फास्टिंग.’

हाज्जांनी नजर चुकवली. ‘डॉक्टर सेड नो,’ त्या म्हणाल्या. आणि मग जरा ताठ होऊन, ‘डॉक्टर यंग. गॉड ओल्ड.’

भावजींनी हात जोडले. आजाऱ्याला धर्मानेच सूट दिलेली आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत, असं सांगून पाहिलं. हाज्जा ऐकेनात. नवरा गेल्यापासून एकही उपास मोडला नव्हता म्हणे. मी मुलाला फोन लावला, तो उचलेना. मग अँब्युलन्ससाठी १११ ला लावला. मी पत्ता सांगतेय तोवर भावजी सोफ्याच्या कडेला टेकत खाली जमिनीवर बसले. त्यांचाही रंग पांढरा पडला होता.

हाज्जांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ‘यू फास्ट?’

‘यस.’

‘यू हिंदू!’

‘यस.’

‘व्हाय?’

‘यू फास्ट, आय फास्ट,’ भावजी म्हणाले.

हाज्जांनी कपाळावर हात मारून घेतला. ज्या बाईला उभं राहता येत नव्हतं ती भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली आणि खजुराची बशी घेऊन आली. ‘कूल!’ भावजींनी ओठ मिटून घेतले. ‘यू फर्स्ट.’ ‘कूल!’ ‘यू फर्स्ट.’ एकीकडे थरथरणारी म्हातारी, दुसरीकडे हा मिरजेचा हट्टी डॉक्टर, आणि मधे मी फोन कानाला लावून उभी. फोनवरची बाई विचारत होती, पेशंट शुद्धीवर आहे का. मला विचारावंसं वाटलं, बाई, कुठला? तेवढ्यात भावजी हळूच कलंडले आणि गालिच्यावर आडवे झाले.

हाज्जांच्या तोंडून एक हुंदका फुटला. त्यांनी बशीतला एक खजूर उचलला, डोळे मिटून स्वतःच्या तोंडात घातला, आणि दुसरा भावजींच्या तोंडात कोंबला. मग एकेक करत दोघांनी बशी संपवली. मी दूध गरम करून त्यात साखर घालून आणलं. हाज्जा रुमालात तोंड लपवून रडत होत्या, आणि भावजी त्यांच्या पायाशी बसून त्यांचं मनगट धरून होते. नाडी पाहत होते की नुसता हात धरला होता, कोण जाणे. अँब्युलन्सवाली माणसं आली, तपासून म्हणाली, वेळेत खाल्लंत म्हणून निभावलं.

परतीच्या वाटेवर मी विचारलंच. ‘भावजी, खरं सांगा, ती चक्कर खरी होती की नाटक?’

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, ‘पडलो तेव्हा नाटकच होतं, वहिनी. मग उठायला गेलो तर उठता येईना.’

सोमवारी त्यांनी हेलनबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं. हाज्जांना अभ्यासातून वगळण्यात आलं, आणि भावजींचं घरोघर जाणं बंद करून त्यांना संगणकापुढे बसवण्यात आलं. हेलनबाई म्हणाल्या, ‘यू आर अ गुड मॅन. ॲण्ड अ टेरिबल रिसर्चर.’ भावजींना हे इतकं पटलं की ते संध्याकाळभर आम्हाला कौतुकाने सांगत होते. अभ्यास पुढे रीतसर पूर्ण झाला. हाज्जांनी मात्र त्यानंतर उपास धरले नाहीत. ज्याला उपास झेपत नाही त्याने दर दिवसामागे एका भुकेल्याला जेवू घालावं अशी त्यांच्यात रीत आहे. ती त्यांनी धरली. म्हणजे हाज्जा पातेलंभर सूप रांधायच्या, आणि ते विद्यार्थ्यांना पोचवायला भावजी, मागच्या सीटवर पातेल्याला पट्टा बांधून, सावकाश गाडी हाकत निघायचे. आता त्यांना कोण अडवणार होतं? ते संशोधक म्हणून जातच नव्हते.

२०१९ मध्ये तिकडच्याच डॉक्टरांनी भावजींना मोरोक्कोत बोलावून घेतलं. विद्यार्थ्यांच्या आरोग्यावरचं नवं काम होतं, त्यांना बोलघेवडा माणूस हवा होता. भावजी गेले. खालची खोली रिकामी झाली. फ्रिजमधलं दही आता दोन दिवस टिकतं. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

मी अधूनमधून हाज्जांकडे जाते. आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं फारसं कळत नाही. त्या चहा ओततात, मी पिते, आणि मग दोघीही हातवारे करून भावजींबद्दल बोलतो. मागच्या रविवारी संध्याकाळी मी तिथे असतानाच माझ्या फोनवर भावजींचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. भावजी एका अरुंद गल्लीत उभे होते, तीच माकडटोपी घालून. कामातून एक दिवस काढून ते हाज्जांच्या गावी गेले होते, विचारत विचारत त्यांच्या जुन्या घरापर्यंत पोचले होते. त्यांनी फोन फिरवून दार दाखवलं. हाज्जा माझ्या हातातला फोन घेऊन अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिल्या.  मग काहीतरी पुटपुटल्या.

‘भावजी, काय म्हणाल्या त्या?’ मी विचारलं.

पलीकडे भावजींनी माकडटोपी काढून हातात घेतली. 

‘काही नाही, वहिनी,’ ते म्हणाले. ‘दाराला रंग दिलाय म्हणतात. आधी निळं होतं.’