फुटक्या बाटल्यांची वैरीण

दोन हजार अठरा साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो, आणि बाटल्यांवर डूख धरणारी बाई तेव्हा पहिल्यांदा बघितलो. औषधाच्या काचेच्या बाटल्या बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात ती पुण्याहून कॅमेरा बसवायला आली होती. जी फुटकी बाटली कॅमेऱ्याने पकडली नाही ती टेबलावर मांडून ठेवायची आणि तिच्याकडे बघत बघत डबा खायची. म्हणायची, ह्या माझ्या वैरिणी. आम्ही तिला कॅमेराबाई म्हणायचो.

पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्यांतली तोंडाला चीर गेलेली बाटली उचलून टाकणं हे माझं काम. तीस वर्षं एकाच स्टुलावर. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या नजरेतून चीर सुटली करून कुणी सांगावं. पहिल्या दिवशी तिला म्हणालो, कॅमेऱ्याची जागा मी सेठना सांगितलो आहे. ती हसली.

"सांगितलो नाही काका, सांगितलं. त्यापेक्षा तुम्ही हिंदीच बोला."

निजामाच्या ह्या शहरात, गौलीगुड्यात, आमच्या चार पिढ्या 'मी सांगितलो' म्हणत आल्या. इथेही मी तसंच लिहिणार. वर तिने सेठना सुचवलं, काकांना आता आराम द्या, बघायला कॅमेरा आहे. माझं स्टूल गेलं. भिंतीजवळ एक खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीवरून आठ दिवस मी कॅमेऱ्यावर डोळा ठेवलो. दिवा लुकलुकला की फोटो. मग कॉम्प्युटर तो फोटो तपासत बसणार, आणि पट्टा जोरात असला की तेवढ्यात पुढची बाटली बिनबघता निघून जाणार. कुणाला बोललो नाही. सेठ गिऱ्हाइकांना घेऊन आले त्या दिवशी तीन चिरलेल्या बाटल्या नेमक्या त्या फटीत सोडलो. तिन्ही पास. मग एकेक उचलून सेठच्या हातात दिलो.

"मॅडम, बुड्ढेकीच नजर तेज है ना," सेठ म्हणाले. गिऱ्हाइकं हसली. माझा जीव थंड झाला.

ती रडेल असं वाटलं होतं. तिने त्या तीन बाटल्या टेबलावरच्या रांगेत लावल्या आणि माझ्याजवळ येऊन बसली. "काका, तुमच्या हातून का सुटत नाही?"

इथे माझा मोठेपणा मला नडला. "हात मागच्या बाटलीवर, नजर पुढच्या. दोघांनी एकमेकांची वाट बघत उभं राहायचं नाही. आणि अख्खी बाटली कशाला बघतेस? चीर तोंडाला जाते."

ती उठून गेली. दोन दिवस तिची मान वर नाही. तिसऱ्या दिवशी बघतो तर कॅमेरा थांबतच नाही. काढलेला फोटो बाजूला टाकायचा, लगेच पुढचा काढायचा. तपासणारा कॉम्प्युटर मागून आपला एकेक उचलतोय, नुसतं तोंड बघतोय, सोडतोय. माझाच हात, माझीच नजर. मी सहा चिरलेल्या सोडलो. सहाच्या सहा बाहेर फेकल्या गेल्या.

"आता बोला काका," ती सेठसमोर म्हणाली. सेठनी मला गोदामाच्या राखणीवर घातलं.

त्याच संध्याकाळी ती नामपल्ली स्टेशनला पुण्याची गाडी धरायला निघाली. पाया पडली नाही. बरं केली, मी आशीर्वाद दिलो नसतो. "एक जरी सुटलेली सापडली तर फोन करा," म्हणाली. "सापडायची नाही." पुन्हा कधी ती दिसली नाही. माझ्या दोन्ही पोरांत हा असला खुनशीपणा उतरला नाही, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात जाऊन कॅमेऱ्याने पास केलेली पेटी फोडलो, आणि एकेक बाटली खिडकीच्या उजेडात धरून फिरवून बघितलो. एकही चिरलेली नाही. मी दुसरी पेटी ओढलो.